हार्बरचा इतिहास हार्बरवरच लिहा

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई



३ फेब्रुवारी २०२५ रोजी देशातल्या पहिल्या विजेच्या रेल्वेगाडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. आपल्या रेल्वेने ती शंभरी साजरी केली, वर्तमानपत्रांत जुनी छायाचित्रे छापून आली, आणि चार डब्यांची ती गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली होती हे पुष्कळांना नव्याने कळले. ती दादरमार्गे गेली नव्हती. ती हार्बरने गेली होती. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, शिवडी, वडाळा असा तिचा रस्ता होता. मी याच मार्गावरचा रोजचा प्रवासी आहे. शंभरीनंतर या स्थानकांच्या फलाटांवर मी मुद्दाम शोधत फिरलो. भारतातली पहिली विजेची गाडी इथून गेली, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारी ठळक खूण मला तरी कुठे दिसली नाही.

म्हणून हे पत्र. सीएसएमटी ते कुर्ला या सोळा-एक किलोमीटरच्या मार्गाचा इतिहास त्या मार्गावरच, तिथल्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर मांडला जावा, आणि येत्या काही वर्षांत या मार्गावर जी मोठी बांधकामे होणार आहेत ती सुरू होण्याआधी त्याचे जुने अवशेष नोंदवून जपले जावेत, ही माझी मागणी आहे. ती भावनेच्या भरात केलेली नाही. हार्बरचा प्रवासी आज जे सोसतो त्यातले बरेचसे या मार्गाच्या जन्मातच लिहिले गेले आहे. तो जन्म समजल्याशिवाय हा मार्ग सुधारताही येणार नाही, असे मला वाटते.

जन्म प्रवाशांसाठी झालाच नव्हता, तो मालासाठी झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली तेव्हा मुंबईचा पूर्व किनारा म्हणजे बंदरांची रांग होती. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, मग व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. कापूस, धान्य, कोळसा, लाकूड यांचे ढीग रचायला दक्षिण मुंबईत जागा पुरेना, तेव्हा पोर्ट ट्रस्टने माझगाव आणि शिवडीच्या बाजूला समुद्र बुजवून पाचशे एकरांहून अधिक जमीन तयार केली. कुलाब्याचा कापूसबाजार तिकडे हलवायचे ठरले. एवढा माल देशाच्या आतल्या भागाशी जोडायचा तर रेल्वे हवी. त्यातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे आपल्या आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजांची, हार्बर शाखा आली. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड हा भाग सुरू झाला. १९१५ पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वेही बॅलार्ड पिअर ते वडाळा धावू लागली. आज हार्बरच्या खिडकीतून पूर्वेला जी गोदामे, गंजलेले रूळ आणि गवतात हरवलेली साइडिंग दिसतात, ती त्या मालवाहतुकीची शिल्लक आहे.

कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणाऱ्या फाट्याची कथाही अशीच. १९०६ मध्ये तो रूळ टाकला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. प्रवाशांना त्यावर १९२४ मध्ये जागा मिळाली. आज पनवेलला जाणारी गाडी कुर्ल्यानंतर त्याच फाट्यावरून पुढे जाते.

तर १९१० मध्ये रे रोड हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. तिथून बोरीबंदर चार-पाच किलोमीटरवर, पण मध्ये माझगावची टेकडी, डोंगरीची दाट वस्ती, आणि मुख्य मार्गाचे रूळ. ते चार-पाच किलोमीटर पार करायला पंधरा वर्षे लागली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढायला घेतले. त्यातला एक सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. प्लेगच्या काळातल्या गव्हर्नरचे नाव त्याला मिळाले आणि रस्त्यावरून ते स्थानकाला. जमिनीवर नवे रूळ टाकायला जागाच नव्हती. मग इंजिनिअरांनी रूळ उचलून वर नेले. मशीद सोडल्यावर हार्बरची गाडी चढू लागते, मुख्य मार्ग ओलांडून पूर्वेला जाते, घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरून धावते आणि डॉकयार्ड रोडनंतर पुन्हा उतरते. मेट्रो येण्याच्या कितीतरी आधी मुंबईत उन्नत रेल्वे होती. ती हीच.

आपण एकदा कार्यालयातून निघून सँडहर्स्ट रोडला खालच्या फलाटावर उतरावे. तिथे वर पाहिले की डोक्यावर दुसरे स्थानक दिसते. ते पोलादी खांबांवर उभे आहे. रिव्हेटच्या गोल डोक्यांच्या ओळी, एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या, त्यावर रंगाचे थर. या खांबांवर ‘जीआयपीआर’ ही अक्षरे, १९२१ हे साल आणि ग्लासगोच्या लोखंड कारखान्याचे नाव आहे. हे पोलाद ब्रिटनमधून बोटीने आले आणि इथून हाकेच्या अंतरावरच्या गोद्यांत उतरले. गाडी वरून गेली की खांबाला हात लावून पाहावे. हादरा हाताला लागतो. शंभर वर्षांपूर्वीचे हे बांधकाम आजही बारा डब्यांच्या भरगच्च लोकलचे वजन पेलते, आणि त्याच्याखाली उभा असलेला माणूस इंडिकेटरकडे बघत कल्याणच्या गाडीची वाट पाहतो. त्याला त्या अक्षरांची ओळख कुणी करून दिलेली नाही. रंगाच्या प्रत्येक नव्या हाताने ती अक्षरे आणखी थोडी बुजतात.

हा उन्नत भाग उभा राहिला तेव्हाच विजेचा निर्णय झालेला होता. कारणे सरळ होती. वाफेचे इंजिन शेवटच्या स्थानकावर सोडायचे, दुसऱ्या रुळावरून फिरवून उलट्या टोकाला जोडायचे, त्याला पाणी-कोळसा द्यायचा, यात वेळ जाई आणि फलाट अडून राही. दर दोन-तीन किलोमीटरला थांबणाऱ्या उपनगरी गाडीला चटकन वेग घ्यावा लागतो, आणि वाफेच्या इंजिनाला ते जड जाते. विजेच्या गाडीत मोटरमन एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. शिवाय पुढे बोर आणि थळ घाटांचे चढ होतेच, तिथेही विजेची गरज दिसत होती. १५०० व्होल्ट डीसी ही पद्धत ठरली. डबे युरोपातून आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि गाडी कुर्ल्याकडे निघाली. पश्चिमेला बीबीसीआय रेल्वेची कुलाबा-बोरीवली विजेची गाडी १९२८ मध्ये आली, पुणे आणि इगतपुरीपर्यंत तारा १९२९-३० पर्यंत पोचल्या. पहिला मान हार्बरचा.

शेवटचा मानही हार्बरचाच, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. डीसी पद्धतीत व्होल्टेज कमी असल्याने विजेचा प्रवाह फार मोठा लागतो, तारा जाड लागतात, सबस्टेशने जवळजवळ बसवावी लागतात. देशभर २५ हजार व्होल्ट एसी ही पद्धत आली तरी मुंबईत डीसी टिकून राहिली. एक-एक टप्पा बदलत गेला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरचा उरलेला भाग एसीवर गेला तेव्हा भारतीय रेल्वेवरचे डीसी युग संपले. ज्या मार्गावर ते सुरू झाले होते त्याच मार्गावर ते एक्क्याण्णव वर्षांनी संपले. जगात अशा मार्गांची लोक जत्रा भरवतात. आपल्याकडे त्या बदलाची प्रवाशाला जाणवलेली खूण एकच होती: नऊ डब्यांच्या गाड्या हळूहळू बारा डब्यांच्या झाल्या आणि फलाटावर कुठे उभे राहायचे याची वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागली.

आता त्या पहिल्या गाडीच्या रस्त्याने जरा सावकाश जाऊ या, कारण स्थानकांच्या नावांपलीकडे तिथे काय आहे हे सांगितल्याशिवाय माझी मागणी पुरी होत नाही.

मशीद स्थानकाच्या बाहेर घाऊक बाजारपेठ आहे, सुकामेवा, खजूर, मसाले, हातगाड्या आणि पाठीवर ओझे घेऊन धावणारे माथाडी. त्याच परिसरात १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलेले शार हारहामीम हे मुंबईतले सगळ्यात जुने सिनेगॉग आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे ते प्रार्थनास्थळ. स्थानकाला ‘मशीद’ हे नाव त्यावरूनच पडले. रोज या जिन्यांवरून उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

सँडहर्स्ट रोड आणि डॉकयार्ड रोडच्या पूर्वेला गोद्या आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. त्यात कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या, आणि युद्धासाठी आणलेला हजार टनांहून अधिक दारूगोळा होता. दोन स्फोटांनी गोद्या आणि आजूबाजूची वस्ती होत्याची नव्हती झाली, जळते कापसाचे बोळे डोंगरी-मांडवीच्या छपरांवर पडले, शेकडो माणसे गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मृत्युमुखी पडले. देशात दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ आहे. हे सारे हार्बरच्या रुळांपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडले.

डॉकयार्ड रोडला गाडीतून उतरले की एका बाजूला टेकडी उभी असते. भंडारवाड्याची ही टेकडी, वर पाण्याचा जलाशय आणि जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. इथे एके काळी माझगावचा किल्ला होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस सिद्दीच्या हल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला. काका बॅप्टिस्टा माझगावचेच. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार चळवळीतले मोठे नाव. पहिली विजेची गाडी त्यांच्या घरच्या परिसरातून धावू लागली त्याच १९२५ सालात ते मुंबईचे महापौर झाले. खाली दुसऱ्या बाजूला माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात, आणि थोडे चालले की भाऊचा धक्का. कोकणातून बोटीने आलेला चाकरमानी याच धक्क्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन उतरत असे. रेवस आणि मोऱ्याच्या लाँच आजही इथूनच सुटतात. या शहरात मराठी माणूस ज्या दारांतून आला त्यातले एक मोठे दार डॉकयार्ड रोडच्या पायथ्याशी आहे.

रे रोड. पंधरा वर्षे हे अंतिम स्थानक होते, म्हणून त्याची इमारत आजूबाजूच्या स्थानकांपेक्षा वेगळी आहे. ती शहराच्या वारसा यादीत आहे. बाहेरून तिची दगडी भिंत नीट पाहायला मिळू नये इतकी ती आज वेढली गेली आहे. पूर्वेला दारूखाना, जिथे जहाजे तोडली जातात आणि लोखंडाचे भंगार विकले जाते. पुढे लाकडी बंदर, कौल बंदर आणि ‘हे’ म्हणजे गवताचे बंदर. ही नावे सांगतात की कुठल्या बंदरात काय उतरत असे. अजूनही भरतीच्या वेळी तिथे हवेत खाऱ्या चिखलाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास असतो.

कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची हिरवट इमारत उभी आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे ठरलेला भाव विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचत असे. विदर्भातला कापूस रेल्वेने इथे येई, गोदामात पडे, आणि बोटीने मँचेस्टरला किंवा जपानला जाई. लालबाग-परळच्या गिरण्यांबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले. गिरणीच्या दारात कापूस येण्याआधी तो ज्या रुळांवरून आला त्याबद्दल फारच थोडे.

शिवडीचा किल्ला, हिवाळ्यात चिखलावर उतरणारे रोहित पक्षी, आणि आता त्यांच्या डोक्यावरून समुद्रात गेलेला अटल सेतू. वडाळ्याला विठ्ठलाचे देऊळ आहे, आषाढीला पंढरपूरला जाऊ न शकणारी मुंबई इथे रांग लावते, आणि त्या दिवशी वडाळ्याच्या पुलावर टाळांचा आवाज असतो. वडाळ्याच्या मिठागरांचा इतिहास मात्र विसरला गेला. १९३० च्या मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठाच्या आगारावर सत्याग्रहींनी पुन्हा पुन्हा धाव घेतली. १ जूनला हजारो माणसे पोलिसांचे कडे तोडून चिखलात शिरली आणि मुठी भरभरून मीठ घेऊन परतली. दांडी आणि धारासणा शाळेत शिकवतात. वडाळा आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसतो, आणि कुणी सांगत नाही. एक फलक पुरे होईल.

पुढच्या दोन स्थानकांबद्दल थोडक्यात सांगतो. गुरू तेगबहादूर नगरला फाळणीनंतर निर्वासित पंजाबी कुटुंबांची वसाहत झाली, आणि चुनाभट्टीला चुन्याच्या भट्ट्या होत्या. मग कुर्ला. १९२५ ची गाडी तिथे थांबली. आजची पुढे जाते. पन्नाशीच्या दशकाच्या तोंडाशी मानखुर्दला पोचलेला मार्ग मे १९९२ मध्ये खाडीवरच्या पुलावरून वाशीला गेला, पुढच्या वर्षी नेरूळ-बेलापूर आणि १९९८ मध्ये पनवेल. त्या विस्ताराच्या खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, एक-तृतीयांश रेल्वेने. मशीद बंदरचे बरेचसे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला गेले आणि त्यांच्यामागून साताऱ्या-सांगलीचे माथाडी कुटुंबासह नवी मुंबईत राहायला गेले. म्हणजे मालासाठी बांधलेल्या रेल्वेने अखेर माल वाहणारी माणसे वाहिली.

आता सद्यस्थिती. मुख्य मार्गावर सीएसएमटीहून चार रूळ आहेत, म्हणून धीमी आणि जलद असे दोन प्रकार चालतात. हार्बरवर दोन रूळ. जलद गाडी नाहीच. पनवेलला राहणाऱ्याला सीएसएमटी गाठायला सुमारे एक तास वीस मिनिटे, प्रत्येक स्थानकावर थांबत. वडाळ्यापर्यंत पनवेल आणि गोरेगाव या दोन्हीकडच्या गाड्या त्याच दोन रुळांवरून. सिग्नलचा एक बिघाड झाला की दोन्ही दिशांची माणसे अडकतात. पावसात चुनाभट्टी आणि कुर्ल्याच्या सखल भागात पाणी साचले की सगळा पूर्व भाग तुटतो, कारण पर्यायी रूळ नाही. रविवारचा मेगाब्लॉक हार्बरवर लागला की त्या काळात गाडीच नाही, कारण धीम्यावरून जलदवर वळवायला दुसरी जोडी अस्तित्वात नाही. सीएसएमटी-पनवेल उन्नत जलद मार्गाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे आणि आम्ही चौथ्या सीटवर अर्धे बसून ती वाचत असतो.

हे दोनच रूळ का? कारण १९१० मध्ये ते गोद्यांसाठी टाकले होते आणि १९२५ मध्ये डोंगरीच्या घरांवरून त्याहून जास्त नेणे शक्य झाले नाही. त्यानंतर मागणी वाढली, शहर खाडीपलीकडे गेले, आणि मूळ सोळा किलोमीटर तेवढेच राहिले. मार्गाचा इतिहास ज्याला माहीत आहे तो प्रवासी मोटरमनवर किंवा स्टेशन मास्तरवर ओरडत नाही. तो योग्य जागी योग्य प्रश्न विचारतो. प्रशासनालाही असा प्रवासी हवा असायला हवा.

आणि बदल तर दारात आले आहेत. कुर्ल्याला हार्बरचे फलाट वर उचलण्याचे काम सुरू आहे. परळ ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका आणायची म्हणजे मशीद आणि सँडहर्स्ट रोडच्या चिंचोळ्या पट्ट्याला हात लागणार. एसी विद्युतीकरणासाठी आणि जीर्ण झाले म्हणून सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ मध्ये आणि मशीदजवळचा करनॅक पूल २०२२ मध्ये पाडले गेले. ते पाडणे गरजेचे होते, आणि त्यांच्या जागी चांगले पूल झाले. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींचे नवे आराखडे आहेत. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव करून केंद्राकडे पाठवला. सँडहर्स्ट रोडला डोंगरी, डॉकयार्ड रोडला माझगाव, कॉटन ग्रीनला काळाचौकी, किंग्ज सर्कलला तीर्थंकर पार्श्वनाथ. यात मला गैर काही वाटत नाही. डोंगरी आणि माझगाव ही नावे सँडहर्स्टपेक्षा कितीतरी जुनी आणि आपली आहेत. पण पाटीवरचे नाव जाईल त्या दिवशी, ते तिथे का होते हे सांगणारा दोन ओळींचा मजकूर खाली असला पाहिजे. नाहीतर कॉटन ग्रीनचा कापूस पाटीबरोबरच पुसला जाईल.

म्हणून माझे मागणे असे. सँडहर्स्ट रोडच्या उन्नत फलाटाचे, रे रोडच्या इमारतीचे आणि मधल्या कमानी-खांबांचे कोणतेही मोठे काम काढण्याआधी संपूर्ण नोंदकाम करा, मोजमापे, नकाशे, छायाचित्रे. त्यासाठी आपल्या दाराशी सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालय आहे, त्यांचे विद्यार्थी आनंदाने येतील. जीआयपीच्या काळचे मूळ नकाशे आपल्या कार्यालयांत जे असतील ते स्कॅन करून लोकांना पाहायला खुले करा. १९२१ चे साल असलेला एक तरी खांब अक्षरांसह, रंग खरवडून, जागेवरच जपा. तो काढावाच लागला तर त्याला भंगाराच्या लिलावात न घालता सीएसएमटीच्या संग्रहालयात किंवा त्याच स्थानकाच्या तिकीटघराशेजारी उभा करा. सीएसएमटी ते कुर्ला प्रत्येक स्थानकावर, जिन्याच्या तोंडाशी, जिथे माणूस पाऊस थांबण्याची वाट पाहत उभा राहतो तिथे, मराठीत एक फलक लावा: हे स्थानक केव्हा झाले, कशासाठी झाले, बाहेर काय आहे. यातले काहीच खर्चिक नाही. एका मेगाब्लॉकच्या खर्चात ही सगळी पाटीकामे होऊन वर पैसे उरावेत.

एक मागणी घाईची आहे. डीसीच्या काळात हार्बर चालवलेले मोटरमन, गार्ड, सबस्टेशनचे कर्मचारी आणि रुळांवर राबलेले गँगमन आता निवृत्त झाले आहेत. कित्येक जण सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या गावी परतले. माल कधी उतरत असे, भरतीच्या पाण्यात रूळ कसे सांभाळत, वडाळ्याच्या रावळी केबिनमध्ये गाड्या कशा वळवत, हे त्यांच्याकडून ऐकून ध्वनिमुद्रित करायला हवे. आपल्याकडे त्यांचे पत्ते आहेत, कारण त्यांची पेन्शन आपल्याकडूनच जाते. हे काम वाट पाहणारे नाही.

आणि शेवटी, सँडहर्स्ट रोड आणि कुर्ल्याच्या हार्बर स्थानकांचे नेमके काय होणार, कोणता भाग राहणार आणि कोणता पडणार, हे काम सुरू होण्याआधी मराठीत, स्थानकावर लावलेल्या नकाशासह, लोकांना सांगा. कंत्राटदाराचे पत्रे उभे राहिल्यावर आम्हाला कळू नये.

पुढच्या ३ फेब्रुवारीला समारंभ करालच. तो सीएसएमटीच्या घुमटाखाली करण्याऐवजी सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावर करा आणि पहिला फलक तिथे लावा. त्याचा मजकूर लिहून द्यायला आम्ही प्रवासी तयार आहोत.

कळावे,
आपला,
हार्बर मार्गावरचा एक प्रवासी